एका खुर्चीवर दोन नावं

ते २०१९ साल. संक्रांत होऊन गेली होती, तरी हवेतला गारवा अजून गेला नव्हता. अंधेरीत सात बंगल्याच्या अलीकडे एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र आहे. तिथे खिडकीकडच्या खुर्चीसमोर दोन माणसं उभी होती, आणि ती खुर्ची आपलीच असल्याचं दोघंही एकमेकांना अगदी हळू आवाजात सांगत होती.

एक माझी मैत्रीण शकु, मी तिच्या सोबतीला गेले होते. दुसरे वेसाव्याच्या कोळीवाड्यातले हरेश्वर.

"हे बघा ना," शकुने मोबाइल पुढे केला. "गुरुवार, दुपारची पाळी, खुर्ची सहा. हिरवी खूण आलीय."

हरेश्वरांनी सदऱ्याच्या खिशातून एक चिठ्ठी काढली. "माझा पण गुरुवार. माझी पण सहाच. रतनबायने दिली."

रतन म्हणजे तिथल्या टेबलावर बसणारी बाई. ती उठून आली, दोघांचं बघितलं आणि म्हणाली, "असं होतच नाही. एका खुर्चीवर दोन नावं येतच नाहीत." मग परत जाऊन तिने पडद्यावर बघितलं. आली होती. एकाखाली एक, सख्ख्या भावंडांसारखी.

दुसरी खुर्ची रिकामी नव्हती. सगळ्या खुर्च्यांवर माणसं डोळे मिटून पडली होती आणि त्यांचं रक्त नळ्यांतून बाहेर जाऊन परत येत होतं. त्या खोलीत मोठ्याने कोणी बोलत नसे. यंत्रांची घरघर, मधूनच एखादी बारीक शिट्टी, आणि खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. शकुला म्हणूनच सहा नंबर आवडायचा. शेवगा बघता बघता चार तास जातात, म्हणायची.

"तुम्ही बसा हरेश्वरभाऊ," शकु म्हणाली. "मी उद्या माझ्या नेहमीच्या वेळेला येते."

"उद्या तुझ्या भाच्याचा साखरपुडा हाय ना कांदिवलीला? सगुणा बोलली मला." सगुणा म्हणजे त्यांची बायको. आमच्या डी. एन. नगरच्या बिल्डिंगमध्ये ती कित्येक वर्षं मासे घेऊन यायची, त्यामुळे तिच्या घरचं आम्हाला आणि आमच्या घरचं तिच्या नवऱ्याला ठाऊक असायचं. "तू बस गो बाय. मी उद्या सकाळी येन."

"अहो, तुमचे पाय बघा."

हरेश्वरांच्या पायांवर सूज होती. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. आदल्या दिवशी त्यांच्या पाळीचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून त्यांना आज बोलावलं होतं.

"पाय माझेच हायेत. रोज बघतंय मी," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून निघाले सुद्धा. पिशवीत बसल्यावर पायांवर घ्यायची चादर होती. ती घडी घातलेली तशीच परत गेली.

शकु बसली. सुई टोचून झाल्यावर तिने शेवग्याकडे बघितलं नाही. मला म्हणाली, "प्रेमा, गेला की गं तो."

त्या रात्रीत हरेश्वरांच्या छातीत पाणी भरलं. उजाडायच्या आत त्यांना रुग्णालयात नेलं.

*

शकुची आणि माझी ओळख झाली तेव्हा आम्ही दोघी विशीतल्या होतो. टेलिफोनच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये, बाहेरगावचे फोन जोडून द्यायला, शेजारी-शेजारी बसायचो. माझे वडील गिरणीत होते, तिचेही. दोघींचं गाव कणकवलीच्या आसपास. समोर भिंतीएवढा बोर्ड, त्याला शेकडो भोकं, आणि हातात दोरीची पिन. कोणाला रत्नागिरी हवी, कोणाला कोल्हापूर. लाइन मोकळी आहे की नाही हे बघायला पिनेचं टोक भोकाच्या कडेला नुसतं टेकवायचं. कानात टक्‌ असं वाजलं की लाइन दुसऱ्या कोणाकडे आहे. काही वाजलं नाही की ती आपली. पिन आत घालायची.

एकदा रत्नागिरीच्या लाइनीला आम्ही दोघींनी एकदमच पिन टेकवली. दोघींच्या कानात काही वाजलं नाही. दोघींनी पिन आत घातली. माझ्या गिऱ्हाइकाची आई गेली होती आणि त्याला भावाला कळवायचं होतं. शकुच्या गिऱ्हाइकाला मुलगी झाली होती. दोन्ही पुरुष एकाच तारेवर आले. मग एकाने विचारलं, "कोण?" दुसऱ्याने आपलं काय ते सांगितलं. आणि मग दोघंही एकमेकांना म्हणत राहिले, "आधी तुम्ही बोला." "नाही, तुमचं महत्त्वाचं आहे." कोण आधी बोललं ते आता आठवत नाही. आठवतात ते दोन आवाज, लांबून येणारे, पाण्याखालून आल्यासारखे. आणि शकुचा चेहरा. पिन काढायची कोणी, हे आम्हाला सुचत नव्हतं.

पुढे ते बोर्ड गेले. आम्ही निवृत्त झालो. माझे यजमान गेले, शकुने लग्न केलंच नव्हतं. माझ्या शेजारचा ब्लॉक रिकामा झाला तेव्हा ती तिथे राहायला आली, आणि आमच्या भिंतीला मधेच एक दार असावं तसं आम्ही राहू लागलो.

माझ्याकडे तेव्हा कल्पिता होती, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कणकवलीहून शिकून आली आणि एमआयडीसीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. ती काय करते हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी डोळे चोळत येते, एवढं दिसायचं.

"नेमकं काय गं करतेस तू?" मी एकदा विचारलं होतं.

"दुसऱ्याने बनवलेलं मोडून बघते, मावशी."

"त्यासाठी पगार देतात?"

"मोडलं नाही तर कोणी विचारत नाय. मोडलं तर सगळे माझ्याकडे बघतात."

ती दिसायला साधी, केस घट्ट बांधलेली. लहानपणी घराची कडी लावून पुन्हा दोनदा ओढून बघायची, म्हणून तिची आई तिच्यावर ओरडायची. तोच स्वभाव तिच्या कामाला आला. त्या ट्रस्टला कंपनीने खुर्च्या ठरवायची एक व्यवस्था करून दिली होती. रुग्णाने आपल्या मोबाइलवरून पाळी बदलून घ्यावी, किंवा रतनने टेबलावरून द्यावी. काम लहान होतं, कोणाला नको होतं, म्हणून ते कल्पिताकडे आलं. शकु तिथली रुग्ण, म्हणून तिने ते आवडीने केलं. घरी येऊन सांगायची, "आज शंभर माणसं एका खुर्चीसमोर उभी केली, मावशी. सगळ्यांनी एकदम बटण दाबलं. एक बसला, नव्व्याण्णव परत गेले."

"कोण गं ही माणसं?"

"कोणीच नाय. पेशंट एक, पेशंट दोन, पेशंट तीन. मशीनच त्यांना बनवतं आणि मशीनच त्यांना पुसतं."

मला उगीचच ती माणसं दिसायची. चेहरा नसलेली, रांग न लावता एकदम पुढे सरकणारी, आणि नाही म्हटल्यावर मुकाट्याने विरून जाणारी.

*

शनिवारी रतन आमच्याकडे आली. ती कधी घरी येत नसे. दारातच म्हणाली, "प्रेमाताई, मला सोमवारी बोलावलंय. बहुतेक काढतील."

ट्रस्टचा कारभार बघणारे चंद्रप्रकाशजी वाईट माणूस नव्हते. पण एक रुग्ण जिवावर बेतून रुग्णालयात पडला होता, आणि कंपनीने कळवलं होतं की व्यवस्थेत दोष सापडत नाही. टेबलावरच्या माणसाला अडीअडचणीला वरून नाव घालायची मुभा दिलेली आहे, तशी ती वापरली गेली असावी. त्यात कोणीतरी सांगितलं की संक्रांतीला शकुने रतनला तिळाच्या वड्यांचा डबा दिला होता.

"वड्या मी सगळ्यांना दिल्या होत्या," शकु म्हणाली.

"डबा मला एकटीलाच दिला, ताई. बाकीच्यांना पुडीतून दिल्या. ते त्यांनी बरोबर बघितलं." रतन थोडं हसली. "मी नाव घातलं ते हरेश्वरभाऊंचं. एकच. तुमचं नाव मी घातलं असतं तर मला आठवलं असतं ना?"

कल्पिता आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. रतन गेल्यावर ती बराच वेळ ओट्याशी उभी राहिली, आणि धुतलेलं भांडं पुन्हा धुवायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"ते ‘दोष सापडत नाही’ म्हणतात ना, मावशी, ते माझं वाक्य. दिवाळीच्या आधी मी सही दिली. तपासलं, बरोबर चाललंय." तिने भांडं पालथं घातलं. "आणि कालपासून परत तपासतंय. शंभर माणसं, पाचशे माणसं. एकच बसतो. बरोबरच चाललंय गो."

"मग रतन खोटं बोलते?"

"माका काय म्हायत," ती म्हणाली. ती गावचं बोलायला लागली की समजायचं, आत काहीतरी हललं आहे. एप्रिलमध्ये तिला टीमची लीड करणार होते. हे तिने मला सांगितलं होतं, आईला अजून नाही.

*

रविवारी दुपारी तिने रतनला पुन्हा बोलावलं. मला आणि शकुला समोर बसवलं. आमच्या मोबाइलमध्ये तिने त्या व्यवस्थेची सरावाची प्रत घातली. तिच्यात खरी खुर्ची कोणाची जात नव्हती, खरा रुग्ण कोणी अडत नव्हता.

"मशीनला मशीनसारखं दाबता येतं," ती म्हणाली. "मला माणसं दाबताना बघायचीत."

"म्हणजे आम्ही उंदीर," शकु म्हणाली.

"तू मांजर, शकुमावशी. चल, नाव काय घालू? पेशंट एक?"

"मी काय पेशंट एक? माझंच नाव घाल की. आणि रतनला हरेश्वर कर. म्हणजे गोंधळ नको."

रतनसमोर लॅपटॉप ठेवला होता, म्हणजे ते केंद्राचं टेबल झालं. कल्पिताने मला समजावून सांगितलं. खुर्ची निवडली की ती पाच मिनिटं तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते. तेवढ्यात ‘नक्की’ असं लिहिलेलं बटण दाबायचं. नाही दाबलं तर ती मोकळी होते आणि दुसऱ्याला घेता येते.

आम्ही सुरू केलं. शकु आणि मी इतकी वर्षं शेजारी-शेजारी पिना घातलेल्या, आमचे हात अजूनही एकदम उठायचे. कल्पिता "आता" म्हणायची आणि आमची बोटं एकदम पडायची. दर वेळी एकीला हिरवं, एकीला लाल. कधी शकुला, कधी मला, कधी रतनला. शकुला लाल आलं की ती माझ्याकडे असं बघायची की जणू मी तिचं ताट ओढलं.

"ट्रंकला पण ही अशीच घुसायची," ती रतनला म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. रत्नागिरीची लाइन आधी माझी होती."

"अगं, एकदमच होतो आपण."

दुपार कलली. उन्हाचा पट्टा दिवाणावर चढला. रतन हळूहळू गप्प झाली होती. जितक्या वेळा यंत्र बरोबर चालत होतं, तितक्या वेळा तिची बाजू खोटी ठरत होती, आणि ते आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. कल्पिताने एकदा चष्मा काढून डोळे दाबले आणि म्हणाली, "चहा ठेवते. मग परत बघू."

तेवढ्यात जिन्यातून हाक आली. "मच्छी हाय काय गो घ्यायची..."

ती हाक आली की आमच्या मजल्यावर हातातलं काम हातात राहत नसे. शकुने नुकतीच सहा नंबरची खुर्ची निवडली होती. मोबाइल दिवाणावर पालथा टाकून ती दाराकडे निघाली. मीही मागून गेले.

सगुणाने टोपली उतरवली. शकुने आधी विचारलं, "कसे आहेत?"

"हायेत. आज उठून बसला. पेज पाठवली होती, ती नको बोलला, मीठ नाय तिच्यात. मीठ खाऊनशी तर ही पाळी आली," सगुणा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, पण हात नेहमीसारखे चालले होते. "बोंबील बघ. आत्ताच आणलेत."

"हे मऊ झालेत."

"बोंबील मऊच असतो गो. तू खात नाय, निवडायला मात्र सगळ्यांच्या पुढं."

शकुला मासे मोजून-मापून खायची परवानगी होती, ती बहुतेक खातच नसे. पण माझ्यासाठी निवडायचं काम तिने कधी सोडलं नाही. एकेक उचलायचा, उजेडात धरायचा, खाली ठेवायचा. त्या दिवशी तिला निवडायचं नव्हतंच. सगुणासमोरून उठवत नव्हतं, एवढंच. दोघी हरेश्वरांबद्दल बोलत राहिल्या. मग सगुणाने टोपली डोक्यावर घेतली आणि ती वरच्या मजल्यावर गेली.

शकु हात धुऊन आली, पदराला पुसले, मोबाइल उलटा केला. पान तसंच उघडं होतं. तिने ‘नक्की’ दाबलं.

"मला हिरवं आलं," ती म्हणाली.

"मला पण हिरवं आहे," रतन म्हणाली.

रतनने काय केलं होतं, तर काही नाही. आम्ही दारात, कल्पिता ओट्याशी, बसून बसून कंटाळली, म्हणून तिने सहा नंबरची खुर्ची मोकळी दिसते आहे असं बघून हरेश्वरांच्या नावावर टाकली होती.

कल्पिता चहाचा कप हातात घेऊन आली. तिने दोन्ही पडदे बघितले. कप टेकवायला जागा शोधली, ती सापडली नाही, म्हणून तो माझ्या हातात दिला. वरच्या मजल्यावर सगुणाची हाक ऐकू येत होती.

"पाच मिनिटं संपली," कल्पिता म्हणाली, जणू स्वतःशीच. "खुर्ची मोकळी झाली. रतनताईंना मिळाली. पण शकुमावशीच्या फोनवर जुनंच पान उघडं. आणि तिने दाबल्यावर यंत्राने वळून बघितलंच नाही, आता तिथे कोण आहे ते. आधी, निवडताना, बघितलं होतं ना एकदा."

मग ती खाली बसली, जमिनीवरच, दिवाणाला टेकून.

"माझी शंभर माणसं," ती म्हणाली. "पाचशे माणसं. त्यांतला एक पण मासे घ्यायला उठला नाही."

रतनने तोंडावर पदर धरला. मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती, आणि मग दोन्ही.

शकु मात्र हलली नव्हती. मोबाइल तसाच हातात होता. "बुधवारी पण सगुणाच आली होती," ती हळूच म्हणाली. "मी पाळी बदलत होते, हिची हाक आली. सुरमई होती त्या दिवशी. मी बराच वेळ..." ती थांबली. "म्हणजे खुर्ची त्याची होती."

*

संध्याकाळी कल्पिताने मितेशला फोन लावला. ती व्यवस्था बनवणाऱ्या टीमचा तो मुख्य, घाटकोपरचा, मनाने सरळ मुलगा. फोन मोठ्याने लावून तिने तो पोळपाटाशेजारी ठेवला होता, कारण ती कणीक मळत होती.

"सही पकडलंस यार," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करतो. तू रिपोर्टमध्ये एवढंच टाक, मुदत संपल्यानंतरच्या नोंदीत त्रुटी आढळली. बस."

"आणि दिवाळीला हे तपासलं होतं का, असं विचारलं तर?"

"कोण विचारतंय?"

"चंद्रप्रकाशजी विचारतील. दिवाळीला नव्हतं आणि आता आलं, तर मधल्या काळात टेबलावर कोणी काही केलं का, हेच विचारतील. रतनताईंवरच येणार परत."

"अगं, पण तू स्वतःचं नाव कशाला घालतेस? एप्रिल जवळ आलाय. वर वाचणारे फक्त नाव वाचतात, गोष्ट वाचत नाहीत."

कल्पिताने कणकेचा गोळा उलटा केला. "मितेश, ती बाई काल माझ्या घरात उभी होती. चहा पण घेतला नाही."

पलीकडून नुसती खरखर आली. लांबच्या लाइनीवर असायची तशी. मग तो म्हणाला, "बरं. मी तुझ्या खाली माझं पण नाव टाकतो. बनवलं तर मीच होतं ना."

"टाक," ती म्हणाली. "पण आधी माझं."

तिने लिहिलेला मजकूर झोपण्याआधी मला वाचून दाखवला. इंग्रजी होता, तिने मराठीत सांगितला. मुदत संपेपर्यंत थांबून बघणं ही चाचणी मी केली नव्हती. ती करायला हवी होती. टेबलावरील कर्मचाऱ्याची यात चूक नाही. एवढंच. त्यात एकही सबब नव्हती. मी इतकी वर्षं सरकारी नोकरी केली, तिथे असा कागद कधी बघितला नव्हता.

सोमवारी रतन तिच्या टेबलावरच राहिली. चंद्रप्रकाशजी स्वतः उठून तिच्याकडे गेले आणि त्यांनी तिची माफी मागितली, असं तिने फोनवर सांगितलं. "मला काय बोलावं ते कळेना," ती म्हणाली. "मी म्हटलं, बसा."

*

शकुला मात्र चैन पडेना. हरेश्वर घरी आल्याचं कळल्यावर ती मला घेऊन वेसाव्याला गेली. कोळीवाड्यातल्या त्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना बोंबील वाळत होते आणि वारा समुद्राकडून येत होता. हरेश्वर ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. बारीक झाले होते.

शकुने बसायच्या आधीच सांगून टाकलं. "खुर्ची तुमची होती. माझं बटण उशिराचं होतं. मला त्या दिवशी कळलं नाही."

"म्हायत हाय," हरेश्वर म्हणाले.

"म्हणजे?"

"रतनबायने माझं नाव घातलं तवा मी तिथंच उभा होतो. पडद्यावर माझं एकट्याचंच होतं. तुझं मागनं आलं असणार ना?"

शकु त्यांच्याकडे बघत राहिली. "मग उठलात कशाला?"

त्यांनी जरा विचार केला. खरंच आठवून बघितल्यासारखं केलं. "लिफ्ट बंद होती त्या दिवशी. तू जिना चढून आलेलीस. धापा टाकत होतीस."

आतून सगुणाचा आवाज आला. "हा सोता धापा टाकत घरी आला, आणि सांगतो कोणाच्या."

हरेश्वर हसले. शकु हसली नाही. तिने पिशवीतून एक डबा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. बिनमिठाची भाकरी आणि बिनमिठाची चटणी. दोघांनाही चालणारी. त्यांनी तिथेच एक तुकडा मोडून खाल्ला.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"पेजेपेक्षा बरी," ते म्हणाले.

*

आता त्यांतलं कोण कुठे आहे ते सांगते.

हरेश्वर पुढच्या वर्षी गेले. सगळं बंद झालं होतं तेव्हा केंद्र चालू होतं, रतन त्यांना फोन करून वेळ देत असे, पोलिसांना दाखवायला पत्र देत असे. ते येतही होते. नारळी पौर्णिमेच्या आधी एका सकाळी ते उठलेच नाहीत. सगुणा आता जिने चढत नाही, खाली गेटपाशी बसते आणि तिथून हाक मारते. रतनला केंद्रात वरची जागा मिळाली, पण ती अजून मधूनमधून त्या टेबलावर येऊन बसते. मितेश कॅनडात आहे. दिवाळीला फोन करतो आणि मावशी, झकास ना, असं विचारतो.

कल्पिताला त्या एप्रिलमध्ये लीड केलं नाही. दुसऱ्या कोणाला केलं. तिने आईला काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळे काही समजवावंही लागलं नाही. दोन वर्षांनी दिलं तेव्हा मात्र पेढे घेऊन आली. लग्न होऊन ती नाहूरला गेली. अजून तेच काम करते. दुसऱ्याने बनवलेलं मोडून बघते.

शकु एकवीस सालच्या थंडीत गेली. शेवटपर्यंत सहा नंबरला बसायची, पण शेवगा त्यांनी तोडला होता. तरी ती तिकडेच बघायची. तिचा ब्लॉक बंद आहे. मी अजूनही जेवताना भिंतीवर टकटक करायला हात उचलते.

गेल्या महिन्यात कल्पिता राहायला आली होती. सकाळी लवकर उठून लॅपटॉप उघडून बसली. मी विचारलं, काय बघतेस. ती म्हणाली, ती जुनी चाचणी चालू आहे. ट्रस्टच्या व्यवस्थेत काही बदल केला की ती आपोआप चालते, सरावाच्या प्रतीत. तिने मला पडदा दाखवला. दोन नावं होती. शकु. हरेश्वर.

"बदलली नाहीस?"

"नाय. त्या दिवशी तिनेच सांगितलं ना, गोंधळ नको म्हणून."

शकु सहा नंबरची खुर्ची निवडते. मग पाच मिनिटं काहीच होत नाही. मितेशने एकदा सांगितलं होतं म्हणे, एवढं थांबायची काय गरज, यंत्राचं घड्याळ पुढे सरकवता येतं. कल्पिताने सरकवलं नाही. पाच मिनिटं संपतात, खुर्ची मोकळी होते, हरेश्वर येतात आणि बसतात. त्यानंतर शकु बटण दाबते, आणि तिला एक ओळ दिसते: माफ करा, ही जागा आता दुसऱ्यांची आहे.

आम्ही दोघी बघत बसलो. मी चहा केला नाही. पडदा थांबलेला होता. त्या पाच मिनिटांत शकु दारात उभी असते, एकेक बोंबील उजेडात धरून बघत.